सहावं कलम

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका रद्दीच्या दुकानात, काट्याशेजारी सुतळीने बांधलेले गठ्ठे रचून ठेवले होते. त्यातल्या दोन गठ्ठ्यांच्या वर एकाच दैनिकाचे दोन अंक होते. दोन्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यातले, मधे एका वर्षाचं अंतर. दोन्हींच्या आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, निविदा सूचना आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत तीच बारीक टायपातली चौकट होती: 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पहा)'. प्रकाशनाचं ठिकाण तेच. कालावधी दैनिक. मुद्रक तोच, प्रकाशक तोच, संपादकही तोच. सहाव्या कलमात मात्र पहिल्या वर्षी एका माणसाचं नाव होतं आणि दुसऱ्या वर्षी एका कंपनीचं. मधल्या महिन्यांचे गठ्ठे तिथेच होते. ते चाळले तर त्यांत कृष्णेची पाणीपातळी होती, उसाच्या दराचं आंदोलन होतं, हळदीचे सौदे होते, महापालिकेतली पक्षांतरं होती. बाजारपेठेतलं एखादं जुनं दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं तरी ज्या पानावर त्याची बातमी होते, त्या पानावर 'आमचे मालक बदलले' अशी एक ओळही नव्हती.

दैनिकाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आपल्याकडच्या अनेक गावांत अनेक दैनिकांचं असंच झालं आहे. पण ती दोन नावं शेजारीशेजारी पाहिल्यापासून काही तरी टोचत राहिलं ते राहिलंच.

ही चौकट फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापायची, असा १९५६ सालच्या नियमांतला दंडक होता. तिची कलमं सहाच. पहिली पाच वर्षानुवर्षं तशीच राहतात, म्हणून नजर त्यांच्यावरून घसरते आणि सहाव्यापर्यंत पोचतच नाही. सहाव्यात मालकांची नावं आणि पत्ते, शिवाय एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त वाटा असलेले भागीदार किंवा भागधारक. मालक एकच माणूस असेल तर हे कलम एका ओळीत संपतं. कंपनी असेल तर यादी येते. आणि त्या यादीतला भागधारकही एखादी कंपनीच असेल, तर तिच्यामागच्या माणसापर्यंत वाचक बहुधा पोचत नाही. शेवटी प्रकाशकाची सही आणि 'वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' हे वाक्य. अख्ख्या वर्षात दैनिक स्वतःबद्दल शपथेवर बोलल्यासारखं बोलतं ते एवढंच.

बाकीचे दिवस प्रिंटलाइन असते. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: हे पत्र मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमक्या ठिकाणी छापून तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले. तिच्यातला 'यांच्यासाठी' हा शब्द फार बोलका आहे. मालक आणि प्रकाशक एकच असतो तेव्हा तो नसतो. दोघं वेगळे झाले की येतो. संपादकाच्या नावापुढे चांदणी असायची आणि खाली 'बातम्यांच्या निवडीची पीआरबी कायद्यानुसार जबाबदारी' असं स्पष्टीकरण असायचं. हा पीआरबी म्हणजे १८६७ चा कायदा, राणीच्या राज्यातला. वृत्तपत्र दुसऱ्याच्या मालकीचं झालं की जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे नवं डिक्लेरेशन, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करायचं, छापण्याची जागा बदलली तरी करायचं, ही तरतूद त्यातलीच. आणि दैनिकाचे तीन महिन्यांत निघायला हवेत त्याच्या निम्म्याहून कमी अंक निघाले तर डिक्लेरेशनच बाद. म्हणून पडत्या काळातही मालक चार पानांचा का होईना, अंक काढत राहायचे. गावात 'अजून निघतोय' म्हणून लोक हळहळायचे. पण बंद पडला तर विकायला हातात नावसुद्धा उरणार नाही, ही भीती त्या चार पानांमागे असायची. १ मार्च २०२४ पासून तो कायदा गेला. आता नवा कायदा आहे आणि नोंदणी ऑनलाइन होते. जिल्हाधिकारी कचेरीतल्या त्या टेबलापुढे डिक्लेरेशनचा कागद घेऊन उभं राहणं संपलं.

धातूच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या काळात मालक कोण, हे विचारावं लागत नसे. छापखान्याच्या दारात उभं राहिलं की दिसायचा. जाहिरातीचं बिल तोच करायचा, अग्रलेख तोच लिहायचा, प्रुफंही तोच वाचायचा. फर्मा म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची घट्ट आवळलेली चौकट; रॉकेलने धुतलेल्या त्या फर्म्याचा वास, शाईचा जडसर तेलकट वास आणि सिलिंडर मशीनचा एका लयीतला दणका. ताव एका बाजूने छापायचा, वाळू द्यायचा, उलटून पाठ छापायची. तासाला हजार-बाराशे तावांपुढे काम जात नसे. काही हजार प्रतींचा अंक असला तर संध्याकाळी सातला मजकूर थांबवावाच लागे. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागायचे. जुळारी केसमधल्या घरांकडे न बघता हात टाकायचा आणि स्टिकमध्ये ओळ भरत जायची. शिसं, कथील आणि अँटिमनीचा तो खिळा रोजच्या वापराने हळूहळू खराब व्हायचा. मग आधी वेलांट्या झिजायच्या, मग रफार तुटायचे. अक्षराच्या बाहेर लोंबणारा भाग सर्वांत नाजूक, दाबाखाली तोच आधी जातो. म्हणून त्या काळच्या अंकांत 'सर्व' चा 'सव' झालेला दिसतो. तो जुळाऱ्याचा अडाणीपणा मानू नये. खिळे बदलायला पैसे नसलेल्या मालकाची ती खूण आहे. छापून झालं की फर्मा सोडून एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा, कारण उद्याचा अंक त्याच खिळ्यांतून निघायचा असे.

त्या मालकांची आठवण काढताना गहिवर येतो, पण त्यांच्याकडे पगार वेळेवर होत नसत हेही तितकंच खरं. जुळाऱ्यांना आठवड्याला उचल मिळायची, बातमीदाराला नुसतं ओळखपत्र. मालकाच्या घरातलं सोनं न्यूजप्रिंटच्या बिलापायी गहाण पडायचं. नवे मालक आले तेव्हा अनेक ठिकाणी पहिल्यांदा भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला. ज्यांच्या घरात त्या पगारावर चूल पेटली त्यांना जुन्या मालकाबद्दल आदर होता आणि नव्याबद्दल कृतज्ञता. यातलं काय खरं, असं त्यांना कुणी विचारू नये.

मालकी निसटायला लागली ती ऑफसेट आल्यावर. खिळे, ट्रेडल, सिलिंडर हे सगळं एका कुटुंबाच्या आवाक्यातलं होतं. वेब ऑफसेट, म्हणजे कागदाच्या रिळावर सलग छापणारं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत कर्ज, सुटे भाग, जनरेटर, प्लेटा, पाणी आणि शाईचा तोल सांभाळणारे कारागीर आले. पावसाळ्यात सांगलीसारख्या नदीकाठच्या गावात रीळ नुसतं गोदामात पडून असलं तरी ओल ओढतं. कडा लाटेसारख्या होतात, ताण सगळीकडे सारखा राहत नाही आणि धावतं मशीन असताना कागद तुटतो. मशीन थांबवून कागद पुन्हा ओवायला पंधरा-वीस मिनिटं जातात, चार रंग परत एकावर एक बसेपर्यंत शेकडो प्रती वाया जातात आणि तेवढ्यात पहिली एसटी निघून जाते. एसटी गेली की त्या बाजूचं सगळं गिऱ्हाईक त्या दिवसापुरतं गेलं. चार दिवस असं झालं की कायमचं गेलं.

कागदाचा हिशेब घ्या. ७० सेंटिमीटर रुंदीचा, साधारण ५५ सेंटिमीटर उंचीचा ताव म्हणजे चार पानं. ४५ ग्रॅम वजनाच्या न्यूजप्रिंटचा तो ताव सतरा ग्रॅमच्या आसपास भरतो. बारा पानी अंक म्हणजे तीन ताव, बावन्न ग्रॅम. वीस हजार प्रतींना रोज एक टनाहून थोडा जास्त कागद लागतो, तोही वाया जाणारा न धरता. किलोला ६० रुपये भाव धरला तर प्रतीमागे तीन रुपये नुसता कागद. पाच रुपयांच्या अंकातून विक्रेत्याचं कमिशन आणि टेम्पोचं भाडं वजा करा. उरतं त्यात कागदच कसाबसा भागतो. शाई, प्लेटा, वीज, पगार सगळं जाहिरातीवर. म्हणजे वाचक जे पैसे देतो त्यात त्याने अंक विकत घेतलेलाच नसतो. उरलेली किंमत दुसरं कुणी तरी भरतं. बिल्डर, सराफ, साखर कारखाना, शिकवणी वर्ग, सरकार. मग एखाद्या वर्षी न्यूजप्रिंटवर १० टक्के आयात शुल्क येतं, जसं २०१९ च्या जुलैत आलं होतं, किंवा पाऊस पडत नाही आणि बाजारपेठेतल्या जाहिराती आटतात. आधीच कागदवाल्याची तीन महिन्यांची बाकी असलेला मालक त्या वर्षी विकतो.

विक्रीच्या कागदावर काय काय येतं हे पाहण्यासारखं असतं. दैनिकाचं शीर्षक. मशीन, असल्यास. जागा, स्वतःची असल्यास. एजंटांची यादी आणि त्यांच्या ठेवी. ही ठेव म्हणजे मालकाच्या अंगावरचं देणं असतं, आणि ती कुणी परत करायची यावरून सौदे अडतात. एजंटांकडची आणि जाहिरातदारांकडची येणी, जी कागदावर मोठी दिसतात आणि हाती निम्मीही येत नाहीत. सरकारी जाहिरातींच्या यादीतला वर्ग, अ, ब की क, कारण दर त्यावर ठरतो. या सगळ्यात शीर्षक सर्वांत मोलाचं. तेच किंवा त्याच्यासारखं नाव त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात दुसऱ्या मालकाला मिळत नाही. जुन्या नावांची गोष्ट निराळी. आपण सांगलीकर 'तरुण भारत' म्हटलं की बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेला समजतो. नागपूरकर म्हणतात तो वेगळा.

नाव हातोहात जातं, हे मराठी वृत्तपत्रांना नवं नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधू' त्यांना चालवणं जड गेलं तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत उभा केला. बापूजी अण्यांच्या यवतमाळच्या 'लोकमत'चं नाव पुढे दर्डांकडे गेलं आणि १९७१ पासून ते नागपूरच्या दैनिकाचं झालं. कोल्हापूरचा 'पुढारी' ग. गो. जाधवांपासून एकाच घरात राहिला. 'सकाळ'ची सूत्रं १९८५ साली पवार कुटुंबाकडे आली, आणि संस्थापक नानासाहेब परुळेकरांच्या कन्येने भागांवरून चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात जाऊन २००५ साली निकाली निघाला. पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर मला नेहमी कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर आठवतात. 'केसरी'चे पहिले संपादक ते. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले तेही त्यांनीच. पुढे मतं जुळेनात तेव्हा १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. टिळक १८९१ मध्ये 'केसरी'चे एकटे मालक झाले. ते भांडण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, वाचकाला कुठल्या पत्रात कुणाचं मत वाचायला मिळणार हे कळत होतं. फॉर्म नंबर चार तेव्हा नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही.

वाचकाचा यात काही हक्क आहे का, हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला होता, जरा वेगळ्या वाटेने. १९६० च्या सरकारी आदेशाने पानांच्या संख्येवर वृत्तपत्राची किंमत बांधून टाकली. 'सकाळ' तेव्हा अंकाला सात नवे पैसे घेऊन आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पानं देत होता. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ च देता आली असती. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ साली जिंकला. त्या खटल्यात कंपनीच्या अर्जाशेजारी दोन साध्या वाचकांचेही अर्ज होते. आपण वाचतो त्या पत्राची पानं कुणी कमी करू नयेत, म्हणून दिल्लीपर्यंत गेलेले वाचक. मालक बदलतो तेव्हा तो वाचक कुठे असतो, हे मात्र कुठल्याच कलमात नाही.

बदल त्याला वेगळ्याच ठिकाणी जाणवतो. प्रिंटलाइनमधलं छपाईचं ठिकाण बदलतं. आधी गावातली गल्ली, मग एमआयडीसीतला प्लॉट क्रमांक, मग एक दिवस कोल्हापूर किंवा पुणे. कोल्हापूर सांगलीपासून पन्नासएक किलोमीटर, पुणे साताऱ्यापासून एकशेदहा. एका मशीनवर आठ-दहा आवृत्त्या एकामागून एक लावायच्या म्हणजे लांबच्या गावाची पानं आधी सोडावी लागतात. गावातच ऑफसेटवर छापत होते तेव्हा रात्री साडेबाराचा अपघात सकाळी अंकात असायचा. आता दहानंतर लांबलेल्या महापालिकेच्या सभेचा निकालसुद्धा परवाच्या अंकात. राजवाडा चौकातल्या कट्ट्यावर लोक म्हणतात, 'पेपरात काही राहिलं नाही.' त्यांना पानं कमी झाली असं वाटतं. पानं वाढलेलीच असतात, गुळगुळीत पुरवण्याही असतात. कमी झालेली असते ती रात्र, दहा ते साडेबारापर्यंतची.

आणि जातात त्या फायली.

विक्रीच्या यादीत सगळं येतं, फायली येत नाहीत. त्यांना किंमत लावायची पद्धतच नाही. महिन्या-महिन्याचे अंक पुठ्ठ्यात बांधून जिन्याखालच्या खोलीत उभे केलेले असतात. नवं कार्यालय लहान असतं, भाडं चौरस फुटावर असतं, आणि कुणी तरी विचारतं, 'याचं काय करायचं?' त्या खोलीत काय असतं ते विचारणाऱ्याला माहीत नसतं. सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' होता तेव्हाचे, १९४९ ते १९६० मधले अंक. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतरच्या सकाळी गावोगावहून आलेल्या मृतांच्या याद्या. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर किती मजुरी मिळाली ते. हळदीचा, गुळाचा, शेंगांचा रोजचा भाव. निधनवार्ता, ज्यांत एखाद्या बाईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं छापलं गेलेलं असतं. वृत्तपत्रांनी प्रत्येक अंक ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांना पाठवावा असा कायदा १९५६ पासून आहे, पण जिल्ह्याची पानं तिथे नेमाने पोचतात असं मानण्यात अर्थ नाही.

न्यूजप्रिंट मुळातच एका दिवसासाठी बनवलेला कागद. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल सुटतं आणि घडीवर कागद मोडतो. फायली उभ्या ठेवल्या की आपल्याच वजनाने शिवणीतून फाटतात, म्हणून आडव्या ठेवाव्यात, एकावर एक तीन-चारच. चिकटपट्टी कधीही लावू नये. दहा वर्षांनी पट्टी निघून जाते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरांत उरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटो काढायचे तर पान सपाट ठेवून, वरून, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड देऊन काढावेत. फ्लॅश मारला की पानावर चकाकी पडते आणि तिथली अक्षरं हरवतात. २००५ आणि २०१९ च्या पुरात सांगलीत किती कपाटांतला कागद भिजला याची मोजदाद नाही. भिजलेली फाइल उघडायची घाई केली की पानं पिठासारखी सुटतात. ती आहे तशी बंद उचलावी, चिखल कडांवरूनच हळू पाण्याने काढावा, सावलीत पंख्याखाली ठेवावी आणि पानं आपण होऊन सुटू लागली की मधे कोरे टिपकागद घालत जावं. दोन दिवसांत बुरशी धरते. उन्हात टाकलेली फाइल वाळते, पण तिची वीट होते. पुरानंतरच्या आठवड्यात हे करायला माणूस लागतो, आणि मालक बदललेल्या कार्यालयात तो माणूस बहुधा आधीच निवृत्त झालेला असतो.

त्या रद्दीच्या दुकानातले गठ्ठे कुठल्या कार्यालयातून आले, असं विचारलं तेव्हा दुकानदाराने मान हलवली. कार्यालयातले नव्हतेच ते. विश्रामबागच्या बाजूच्या एका घरातून आले होते. म्हातारे गृहस्थ वारले आणि मुलांनी खोली रिकामी केली. प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती, महिना आणि साल लिहिलेली, निळ्या शाईत. अंक तारखेप्रमाणे लावलेले. दिवाळीच्या आणि गणपतीच्या सुट्टीनंतर अंक निघत नाही त्या तारखांच्या जागी तेवढाच कोरा कागद घालून वर 'अंक नाही' असं लिहिलेलं. एका मार्चच्या चौकटीत, सहाव्या कलमाखाली, पेन्सिलीची बारीक रेघ होती.

काट्यावर एकेका महिन्याचा गठ्ठा दीड किलोच्या आसपास भरत होता. वर्षाचे साडेअठरा किलो.